रुमाल टाकलेली जागा

पडवीतला दिवा कोणी घालवला ते विचारू नका. डोळ्यांवर येत होता. ओम, तो मोबाइलचा टॉर्चही बंद कर. रूपाली, तू अशी भिंतीला टेकून बस, म्हणजे पाठीमागून कोणी यायचा प्रश्न नाही. आणि रुद्र, तुला भीती वाटत असेल तर आत्ताच घरी जा. मध्येच उठलास तर सोबतीला कोणी येणार नाही. तुझ्या बापाला तुझ्या वयात असंच पोहोचवायला अर्धी आळी निघाली होती, आणि तो वीस पावलांवर राहायचा.

हिला गोष्ट म्हणू नका. गोष्टीत राजा असतो, राक्षस असतो. ह्यात आहे शहर बस, आणि आपला गोरक्ष. तोच तो, मळ्यातला, झेंडूवाला. तुम्ही त्याला कायम बघता, पण निरखून कधी बघितलंय का? नाशिकला जाताना बसमध्ये चढतो, पण बसत नाही. अख्खी गाडी रिकामी असली तरी दांडीला धरून उभा. कंडक्टर म्हणतो, "काका, बसा की, उभं राहून तिकीट कमी होत नाही." हा हसतो आणि उभाच राहतो. लोकांना वाटतं मूळव्याध आहे. तो तसं वाटू देतो.

खरं काय ते त्यानं एकदाच सांगितलं. खळ्यावर, अंधारात. आणि सांगायला बसण्याआधी शेजारची रिकामी बाज होती ना, ती त्यानं उचलून भिंतीला उभी करून ठेवली.

तर, गेल्या खंडेनवमीची रात्र. उजाडलं की दसरा.

झेंडूवाल्याला त्या रात्री झोप कसली. गोरक्ष आणि त्याची बायको, आपल्या उज्वलावहिनी, दोघांनी पहाटेपासून फूल तोडलं, क्रेट भरले, गावातल्या टेम्पोत चढवले, आणि गोरक्ष पंचवटीत निमाणी स्टँडच्या अलीकडं फुटपाथवर गोणपाट टाकून बसला. दिवस मावळल्यावर टेम्पोवाले परत निघाले. त्यांनी हाकही मारली. पण ह्याचे दोन क्रेट उरले होते, आणि झेंडूला दसरा उलटला की म्हैससुद्धा तोंड लावत नाही. हा म्हणाला, "व्हा तुम्ही म्होरं. मी येतो बसनं."

निघताना उज्वलावहिनींनी बजावलं होतं, "सगळा इका, पण दाराचा हार तेवढा माघारी आना. मागल्या साली तोबी इकून आले, आन् झेंडूवाल्याचंच दार भुंडं." म्हणून एक लांबलचक, टपोऱ्या फुलांचा हार त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलेला. ती पिशवी लक्षात ठेवा.

दुसरं काम होतं पोरीचं. भाग्यश्री द्वारकेजवळ कपड्यांच्या दुकानात कामाला. सणाचे दिवस, गिऱ्हाईक हलत नाही, दुकान बंद व्हायला उशीर. पोर वयात आलेली, रात्रीची एकटी रिक्षात बसून इतक्या लांब येणार, हे काही गोरक्षला पटायचं नाही. म्हणून तेवढे दिवस बापलेकीचं ठरलेलं. ह्यानं निमाणीला बस पकडायची, तिची जागा धरायची, आणि तिनं द्वारकेला चढायचं.

आता जागा धरण्यात गोरक्ष म्हणजे उस्ताद. गाडी स्टँडात वळते न वळते तोच ह्याचा रुमाल खिडकीतून आत. मोठा, निळ्या चौकड्यांचा रुमाल. बाजारात रुमाल बदलतात म्हणून वहिनींनी एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं फुली घातलेली. रुमाल पडला की ती जागा गोरक्षची. कोणी उचलला तर भांडायला तयार. मात्र दुसऱ्याचा रुमाल दिसला की ह्याचं शास्त्र वेगळं. मग म्हणायचा, "जागा मानसाची असती, फडक्याची नसती." आपण सगळेच असं म्हणतो. हसू नकोस, रूपाली, तुझ्या आईनं माझ्या देखत एका तलाठ्याची टोपी उचलून खिडकीबाहेर टाकलीय.

तर फूल संपलं. शेवटची बस मिळायची वेळ. भाग्यश्रीचा फोन आला.

"पप्पा, निघालात का?"

"स्टँडावरच हाय. तू थांब्यावर उजेडात उभी ऱ्हाय. रिक्षा नको. मी गाडीत हाय म्हनून समज. जागा धरतो."

"धरा हं. पाय मोडलेत माझे. दिवसभर स्टूलवरसुद्धा टेकू देत नाहीत इथं."

स्टँडावर ही गर्दी. हातात पिशव्या, ऊस, आपट्याच्या फांद्या. उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीला समोरून हार. खंडेनवमीला यंत्राला, गाडीला पूजतात, त्यामुळं ड्रायव्हर मंडळींनी काचेवर झेंडू चढवलेले. त्यातले निम्मे हार गोरक्षनंच विकलेले, त्यामुळं तो गाड्यांकडं जरा लेकी नांदायला धाडल्यासारखा बघत होता.

आणि तेवढ्यात त्याला ती दिसली. स्टँडाच्या पार टोकाला, दिवा नसलेल्या कोपऱ्यात. इंजिन चालू. पाटी: नाशिकरोड.

गर्दीतलं कोणी तिकडं बघतसुद्धा नव्हतं. गोरक्षला वाटलं, आपलं नशीब. गेला पळत. जवळ गेल्यावर दोन गोष्टी त्याच्या ध्यानात आल्या. एक, गाडी जुन्या तऱ्हेची. आत छताला घंटीची दोरी. दुसरी, गाडीला हार नव्हता. एक पाकळीसुद्धा नाही. त्याच्या मनात आलंसुद्धा, आधी दिसती तर एक हार खपला असता.

चढला.

प्रत्येक बाकावर खिडकीशी एक माणूस. आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी. पण रिकामी कशी, तर धरलेली. एकावर टॉवेल. एकावर शाळेचा टाय. एकावर लहान मुलाचं टोपडं. कुठं ओढणी, कुठं मफलर, कुठं नुसती पिशवी. पार शेवटपर्यंत तसंच. अर्धी गाडी माणसांची, अर्धी फडक्यांची.

गोरक्षचं डोकं तडकलं. "काय लग्नाचं वऱ्हाड येनार हाय का?"

मधल्या एका बाकावर खिडकीशी एक म्हातारी होती. शेजारी हिरव्या लुगड्याचा तुकडा, चार घड्या घालून. गोरक्षनं तो उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"ती जागा धरलेली हाय," म्हातारी म्हणाली.

"कुनासाठी?"

"येनारंय."

"येईल तव्हा उठू की मावशी. तवर काय फडकं बसून ऱ्हानारंय का?" आणि बसला.

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं तो हिरवा तुकडा छातीशी धरला.

"आलास?" ती म्हणाली. "लय वाट पाह्यली रे बाबा."

गोरक्षला वाटलं, म्हातारपणी होतं असं. दोन घंट्या झाल्या. गाडी निघाली. तुम्हाला ठाऊक आहे ना, एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पंचवटी कारंजा गेलं, गाडी गोदावरीच्या पुलाला लागायच्या आत एक घंटी झाली. पुढून कंडक्टरचा आवाज आला, "साळूबाई. उतरा."

म्हातारी उठली. गोरक्षचे गुडघे ओलांडून गेली, दारातून उतरली, आणि पळाली. त्या वयात माणूस जिना उतरताना देवाचं नाव घेतं. ही पदर खोचून, मागं न बघता, पोरीसारखी पळत गेली.

गोरक्ष हसला. मग आपण सगळे जे करतो तेच त्यानं केलं. खिडकी मोकळी झाली म्हणून खिडकीशी सरकला. आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकला. भाग्यश्रीसाठी.

पूल ओलांडला. रविवार कारंजा आलं, गेलं. थांब्यावर माणसं उभी होती, पण कोणी हात दाखवला नाही. कोणी गाडीकडं मान वळवली नाही. ह्यानं पैसे काढले.

"कंडक्टरसाहेब, दोन द्या. एक इथून नाशिकरोड. एक द्वारकेपासून. पोरगी चढनारंय."

कंडक्टर पुढच्या बाकावर पाठ करून बसलेला. वळला नाही. "तिची जागा धरली?"

"व्हय. धरलीय."

"मग ती आली की बघू तुमचं."

गोरक्षच्या पुढच्या बाकावर पांढऱ्या टोपीतला एक बाबा होता. त्याच्या शेजारी पंचा घडी करून ठेवलेला. त्यानं मान वळवली. आणि त्याच्याबरोबर पुढच्या सगळ्यांनी वळवली. टायवाल्या पोरीनं. मफलरवाल्यानं. सगळ्यांनी.

"पोरगी का?" टोपीवाला म्हणाला. "द्वारकेलाच? नक्की येनार?"

"म्हंजे? उभीच हाय ती तिथं."

"नशीब काढलं. पहिल्याच फेरीत सुटशील."

गोरक्ष पुढं झुकला. "सुटशील म्हंजे? तुमचं कोन येनारंय?"

"भाऊ येनार होता." टोपीवाल्यानं पंच्यावरची घडी नीट केली. "त्यानं मग मोटारसायकल घेतली."

टायवाली पोरगी म्हणाली, "माझी मैत्रीण. तिचं लग्न झालं."

 मफलरवाल्यानं टोपड्याशेजारच्या बाईकडं बोट केलं... आणि पुन्हा खाली घेतलं.

"धरनाऱ्याला उठता येत नाय," टोपीवाला हळू म्हणाला. "येनारा आला, बसला, की मोकळं. साळूबाई कशी गेली, पाह्यलंस ना? तू बसलास तिच्या जागंवर. आता तुझ्या जागंवर तुझी पोर."

गोरक्ष उठला. दांडी धरली. पाय बाकाबाहेर टाकला... आणि तो बसलेला होता. खिडकीशी. जसा होता तसा.

पुन्हा उठला. पुन्हा बसलेला.

तिसऱ्यांदा त्यानं दांडी दोन्ही हातांनी आवळली, डोळे मिटले, आणि उडीच घेतली. डोळे उघडले तर हात मांडीवर. शालिमारचे दिवे खिडकीतून मागं चाललेले.

फोन काढला. लागला.

"भाग्या, ऐक. ह्या गाडीत चढू नको. ऐकलं का? चढू नको."

"हॅलो? पप्पा? आवाज येत नाहीये. नुसती घंटी ऐकू येतेय." आणि मग हसत, "ती बघा, लांबून दिवे दिसायला लागले. आलातच."

फोन बंद पडला.

आता रुमाल. त्यानं रुमालाला हात घातला. उचलेना. चिमटीत धरला, ओढला, नखं लावली. रुमाल त्या रेक्झिनवर छापल्यासारखा. लाल दोऱ्याची फुली तेवढी वर आलेली.

सारडा सर्कल गेलं.

घाम... मान, पाठ, तळहात. एकदा ह्या टोकाला सरकला, एकदा त्या. आणि तेव्हा त्याला कळलं. बाकाबाहेर पाय पडत नव्हता. पण बाकावरल्या बाकावर सरकता येत होतं.

एक घंटी.

द्वारका.

गाडी थांबली. पुढचं दार. आधी तिचा हात दिसला, मग केशरी ओढणी, काठाला आरसे लावलेली. मग ती. दमलेली, पण बाप दिसल्यावर हसली.

गोरक्ष सरकला. खिडकी सोडली, आणि रुमालावर जाऊन बसला. स्वतः. पूर्ण भार टाकून.

मागून कोणीतरी श्वास आत ओढला.

"सरका ना आत, पप्पा."

"जागा नाय."

"ती काय खिडकी रिकामी."

"धरलेली हाय."

"कोणी?"

त्यानं पुढच्या बाकाच्या दांडीवर आडवा हात टाकला.

"बरं, उभी राहते मी."

"उभ्याचीबी जागा नाय."

भाग्यश्रीनं गाडीभर नजर फिरवली. मधली सगळी वाट मोकळी होती. तिला वाटलं बाप चेष्टा करतोय.

"पप्पा, काय हो हे, मी मेले..."

"उतर खाली. मागच्या गाडीनं ये."

"आता कुठली मागची गाडी? मी एकटी..."

"उतर म्हन्तो ना. कळत नाय का तुला?"

जन्मापासून त्या पोरीवर त्यानं आवाज चढवला नव्हता. ती तशीच उभी राहिली. मग वळली. उतरली.

दोन घंट्या.

खिडकीतून त्याला ती दिसत होती. रात्रीच्या द्वारकेला, थांब्यावर, एकटी. जिथं उभी राहू नको म्हणून तो रोज जागा धरायचा, तिथंच त्यानं तिला आपल्या हातानं उभं केलं होतं. ती लहान होत गेली. मग दिसेनाशी झाली.

"काय केलंस हे," टोपीवाला म्हणाला. "सुटला असतास."

"माझी पोर हाय ती."

"मग आमची कोन होती?"

गोरक्षनं तोंड खिडकीकडं वळवलं.

गाडी नाशिकरोडच्या रस्त्याला लागली. गोरक्षनं मनाशी धरलं, शेवटचा थांबा तर येईल. शेवटच्या थांब्याला गाडी रिकामी करतातच. काठे गल्लीच्या पुढं नासर्डीचा पूल येतो, तो आला. पण जरा जास्तच लांबला. खाली पाणी... जास्तच. पायऱ्या दिसल्या. दगडी कुंडं दिसली. देवळांचे दिवे.

गोदावरी. नाशिकरोडच्या वाटेवर गोदावरीचा पूल येतच नाही. पण आला. मग रविवार कारंजा. मग शालिमार. मग सारडा सर्कल. मग द्वारका. थांबा रिकामा.

पुन्हा पूल.

किती वेळा, ते त्यानं मोजलं नाही. दर वेळी द्वारकेला तो काचेला नाक लावायचा. थांबा रिकामा. ती गेली असेल. कशानं गेली असेल? कोणाबरोबर?... हा बसलेला. कुठलाच आवाज नाही. दोन घंट्या. फक्त दोन घंट्या.

एकदा पुलावर गाडीतले दिवे गेले.

काळोख. पुढं काहीतरी सळसळलं. एक घंटी झाली. दारातून कोणीतरी पळत उतरल्याची पावलं...

दिवे आले. पुढच्या बाकावरची पांढरी टोपी नव्हती. पंचाही नव्हता. बाकाची पाठ उंच, खिडकीशी कोण आहे ते ह्याला दिसेना. शेजारच्या जागेवर दुसरंच काहीतरी कापड पडलेलं, अर्धं खाली लोंबणारं. त्याच्या काठाला काहीतरी चमकत होतं. ह्यानं बघितलं. पण बघणं म्हणजे दर वेळी दिसणं नव्हे. ह्याचं चित्त सगळं द्वारकेच्या थांब्यावर.

पाय लांबवायला त्यानं पिशवी उचलली. तळाशी ओलं लागलं.

हार.

झेंडूचा वास गाडीत पसरला. आणि पहिल्यांदाच कंडक्टर वळला. चेहरा... चेहऱ्याचं गोरक्षनं सांगितलं नाही. विचारूही नका.

"हे काय?"

"हार," गोरक्ष म्हणाला. "आज खंडेनवमी. तुमच्या गाडीला कुनी घातला नाय?"

ड्रायव्हरच्या समोरची काच उघडी, बोडकी. बाहेर पूल संपत आला होता.

आता बघा, आपल्याकडं जागेवर रुमाल असला तर आपण उचलतो. टोपी असली तरी उचलतो. पण जागेवर देवाचं फूल असलं तर? कोणी बसतं का त्यावर? कितीही गर्दी असू दे. पाय लागला तरी हात जोडतो. हे गोरक्षला विचार करून सुचलं असं नाही. शेतकऱ्याचा हात आहे तो, डोक्याच्या आधी चालतो. त्यानं हार उलगडला. दुहेरी केला. आणि खिडकीकडच्या रिकाम्या जागेवर नीट, गोल, मांडून ठेवला.

पुढून टायवाल्या पोरीचा आवाज आला. "कोणासाठी धरली?"

"देवासाठी."

"तो येणारंय?"

गोरक्षनं हाराला हात जोडले. "आला," तो म्हणाला. "आला म्हनून तर ठेवला."

कंडक्टरचा हात दोरीकडं गेला. थांबला. बराच वेळ थांबला...

एक घंटी.

गोरक्ष उठला. बाकाबाहेर पाय टाकला. पाय पडला. दुसरा टाकला. दोन्ही बाजूंनी हात पुढं आले, त्याला धरायला नाही, हाराकडं. तो बघायला थांबला नाही. पुढच्या बाकापाशी कोणीतरी हळूच पुटपुटलं असं त्याला वाटलं. पण मागं बघायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात.

उतरला आणि पळाला. साळूबाईसारखा. मागं न बघता.

फटफटलं होतं. द्वारकेलाच होता तो. थांब्यावर एक बाई आपट्याच्या पानांचा ढीग लावत होती. तिनं पाणी दिलं. तिला विचारलं, "इथं रात्री एक पोरगी उभी होती, केशरी ओढनी..." बाई म्हणाली, "मी आत्ताच आले, भाऊ."

भाजीच्या रिकाम्या टेम्पोत बसून तो आला. बसून कसला, मागं उभा राहूनच. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या तेव्हा त्याला रडू फुटलं, असं टेम्पोवाला सांगतो. गावात पाऊल टाकलं तर दारोदार तोरणं. ह्याचंच दार भुंडं.

उज्वलावहिनी अंगणात. "हार कुठंय?"

"पोर कुठंय?"

"मी इचारते हार कुठंय, आन् तुम्ही..."

"उज्वला, पोर कुठंय?"

वहिनींनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि झाडू खाली ठेवला. "घरात हाय. रातीच आली. तुम्ही म्हनं तिला गाडीतून उतरवलं. रडत झोपली."

भाग्यश्री चुलीशी बसली होती. बाप आत आला तरी तिनं वर बघितलं नाही. गोरक्ष तिच्या समोर मटकन खाली बसला. हात लावून बघितलं. पोर ऊन होती, जिवंत होती, रुसलेली होती.

"रागावलीस?"

"उगाच ओरडलात. चारचौघांत."

"कशी आलीस मग? रिक्षानं?"

"तुम्हीच नको म्हणता ना रिक्षा? मागची गाडी आली की लगेच."

"उभी आलीस?"

"उभी कशाला? खच्चून भरलेली, पण एक जागा होती." तिनं पर्स उघडली. "तुम्हीच धरून ठेवली होती की. मला वाटलं, राग उतरल्यावर तिथल्या कोणाला तरी सांगून ठेवलं असेल."

तिनं त्याच्या हातावर रुमाल ठेवला. निळ्या चौकड्या. कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली. घामानं अजून ओलसर.

आणि त्या वेळी तो रुमाल, पोरांनो, गोरक्षच्या बुडाखाली होता.

"शेजारी..." गोरक्ष म्हणाला. "शेजारी कोन होतं?"

"एक टोपीवाले बाबा होते खिडकीशी. मी बसले आणि ते उतरले. पळतच सुटले हो, ह्या वयात. मग मी खिडकीशी सरकले."

चुलीत काटकी तडकली.

"भाग्या. तुझी ओढनी कुठंय?"

तिचा हात खांद्यावर गेला. मग मागं. मग पर्समध्ये.

"अय्या," ती म्हणाली. "गाडीतच राहिली वाटतं. शेजारच्या जागेवर टाकली होती. झोप लागली मला, उठले ती घाईघाईत... कशी उतरले तेसुद्धा आठवत नाही."

"कुनासाठी टाकली होती?"

भाग्यश्री पहिल्यांदा हसली. रुसवा गेला तिचा.

"तुमच्यासाठी, पप्पा. म्हटलं, मागून याल. दमला असाल."

...

धरणाऱ्याला उठता येत नाही, मग पोर उतरली कशी, ते कोडं त्याला सुटलं नाही; पण ओढणीखालची जागा आपल्या नावानं धरलेली आहे, एवढं कळलं. तेव्हापासून तो बसत नाही.

गेल्या महिन्यात संध्याकाळी द्वारकेच्या सिग्नलला उभा होता. मी होतो शेजारी. एक गाडी आली, हळू झाली, पुढं गेली. हार नसलेली. मला तर ती रिकामीच दिसली. पण गोरक्षनं माझं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ होते. "तिसरी खिडकी बघ," म्हणाला.

बघितलं. बाकाच्या कडेवरून केशरी काहीतरी लोंबत होतं. गाडी वळली, आणि काठाचे आरसे लखकन चमकले.

ओढणीखालची जागा अजून रिकामी होती.